भाईटिक्याची किसमिस

"पिशवी इकडे द्या," सुनकेसरी म्हणाली.

फाटकाबाहेरच्या बाईंनी पिशवी छातीशी घट्ट धरली. "अगं, बाहेरचं काही नाही त्यात. घरच्या सेल-रोट्या आहेत, तांदळाच्या. पहाटे उठून तुपात तळल्यात."

"साखर घातलीय ना?"

"साखरेशिवाय सेल होते का कधी?"

"मग टोपलीत ठेवा. टिका लावा, माळ घाला, पाया पडा, फोटो काढा. खायला घालायचं नाही."

बाईंचा चेहरा उतरला. आज कुत्र्यांचा तिहार, म्हणजे नेपाळी दिवाळीतला त्यांचा मानाचा दिवस. वर्षभर ज्याला हाडहाड करायचं त्याच्या गळ्यात आज झेंडूची माळ घालायची, कपाळावर लाल टिका लावायचा आणि आपल्या हाताने गोडधोड भरवायचं, म्हणजे पुढेमागे यमाच्या दारातला कुत्रा आपल्याला ओळख दाखवतो. त्यात धारापानीच्या पोलीस तळावरची कुत्री म्हणजे काही गल्लीतली नव्हेत. चोर माग काढून पकडणारी, ढिगाऱ्याखालची माणसं शोधणारी सरकारी कुत्री. त्यांच्या आशीर्वादाला वजन जास्त, असा गावाचा हिशेब. म्हणून सकाळपासून फाटकाशी रांग होती, आणि रांगेच्या तोंडाशी कमरेला पटुका आवळून, वेताची टोपली पुढ्यात घेऊन सुनकेसरी खड्का बसली होती. ती या कुत्र्यांची स्वयंपाकीण. तिच्या त्या जागेला शिपाई जकात नाका म्हणत.

टोपलीत तोवर बरंच काही जमलं होतं. चॉकलेटं, खिरीचा डबा, कांदा-लसणाच्या फोडणीचं खसीचं मटण, क्रीमची बिस्किटं. एक म्हातारेबुवा पानात बांधून हाडं घेऊन आले होते.

"आजोबा, ही शिजवलेली आहेत."

"मग? कच्ची आणू? हाड नाही खाल्लं तर तो कुत्रा कसला?"

"शिजवलेलं हाड चावलं की काचेसारखं तुकडे होऊन फुटतं. आतडं फाटतं त्याचं. नातवाला काच भरवाल का तुम्ही?"

"आमची कुत्री जन्मभर हाडं खाऊन मेली," म्हातारेबुवा म्हणाले.

"तेच म्हणतेय मी," सुनकेसरी म्हणाली, आणि रांगेत हशा पिकला. बुवांनीही हसत हसत पुडकं टोपलीत टाकलं.

मीठ नाही, मसाला नाही, कांदा नाही, लसूण नाही. कांद्याने कुत्र्याचं रक्त पातळ होतं, चॉकलेटने काळीज धडधडतं, हे ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवी. तिचा स्वयंपाक म्हणजे मोठ्या पातेल्यात भात, भोपळा, गाजर आणि हाडापासून सोडवलेलं कोंबडीचं मांस, नुसत्या पाण्यात शिजवलेलं. बघणाऱ्याला वाटे, यात काय स्वयंपाक? पण आठवड्यातून एकदा तरी ती पदराला हात पुसत म्हणे, "माझ्या हातचं खाऊन आजवर एकही कुत्रा आजारी पडलेला नाही." ऐकायला कुणी नसेल तर कुत्र्यांनाच सांगे. त्यांनीही कधी हरकत घेतली नव्हती.

पेरूच्या झाडाखाली बादल पडला होता. मूळचा काळाभोर, आता तोंड पांढरं, मागचे पाय ताठरलेले. गळ्यात एवढ्या माळा होत्या की मान उचलायचा कंटाळा आला होता त्याला. माणसं वाकून त्याला टिका लावत आणि कुजबुजत, हाच तो, भूकंपातला.

दुपारकडे इन्स्पेक्टर पौडेल पाहुण्यांना घेऊन आले. लामिछाने नावाचे हॉटेलवाले. तळ्याकाठी त्यांचं मोठं हॉटेल, पुढे हिरवळ. गडी दिलदार. शिपायांसाठी मिठाईचे खोके घेऊन आले होते, आणि बादलपाशी पँट मळायची पर्वा न करता गवतावर बसले.

"शनिवारी बादल निवृत्त होतोय," पौडेल साहेब म्हणाले. "नरजंगचा पहिला हक्क. पण तो परदेशी मिशनवर चाललाय."

नरजंग राई हा बादलचा हवलदार. पिल्लू असल्यापासून त्याला शिकवणारा. तो मान खाली घालून बुटाच्या टोकाने माती उकरत होता.

"माझ्याकडे जागा भरपूर आहे, हजूर," लामिछाने म्हणाले. "हिरवळ आहे, माणसं आहेत. पाहुण्यांनाही कौतुक वाटेल."

"ते खरं. पण दिदीनेही मागितलाय." साहेबांनी सुनकेसरीकडे पाहिलं. "भाड्याच्या दोन खोल्यांत राहते. पण खरं सांगू, म्हाताऱ्या कुत्र्याला हिरवळीपेक्षा पोट सांभाळणारं माणूस लागतं. आणि हिच्या हातून कधी चूक झालेली मी पाहिली नाही. शनिवारी बघू."

सुनकेसरीने टोपली सारखी केली. तिला कळलं होतं की साहेबांनी जवळजवळ ठरवलंय. आनंद चेहऱ्यावर दिसू नये म्हणून तिने पुढच्या माणसावर विनाकारण आवाज चढवला.

भूकंपाच्या वेळी ती सिंधुपाल्चोकच्या तिच्या गावी होती. नवरा त्याआधीच गेलेला, मूलबाळ नाही. ती धाकट्या भावाकडे, हिक्मतकडे राहत होती. भाऊ बियाण्याचा मका काढायला आत गेला आणि घर त्याच्यावर बसलं. गावातले हात ढिगारा उपसून थकले. कुणाचं माणूस कुठे आहे ते कळेना. दगडांखाली दगड, त्याखाली माती. मग पोलिसांबरोबर एक काळा कुत्रा आला. तो भलत्याच जागी, गोठ्याच्या बाजूला जाऊन बसला, आणि हाका मारल्या तरी हलेना. तिथे खणलं तर हिक्मत सापडला. मेलेलाच सापडला, पण सापडला. शेजारच्या घरच्यांना जाळायला काही मिळालं नाही. सुनकेसरीला तिच्या भावाचं तोंड धुता आलं.

त्या दिवशी मदतछावणीतला भात तिच्या पानात होता. तो तिने मुठीत घेऊन कुत्र्यापुढे धरला. नरजंगने तिचा हात धरला होता. "दिदी, मीठ आहे त्यात. नका देऊ." तिला राग आला होता. सगळं गेल्यावर जे हातात उरलं ते द्यायलाही माणूस मनाई करतो म्हणजे काय. पण हिवाळ्यात ती विचारत विचारत धारापानीला आली आणि तळाच्या फाटकाशी उभी राहून म्हणाली, मला इथं स्वयंपाकाला ठेवा, मीठ न घालता करीन.

संध्याकाळी घरमालकीण देवकला आमा अंगणात दिवे लावत होत्या. त्यांच्या जिभेला हाड नव्हतं, पण मनात काही राहतही नसे.

"शनिवारी कुत्रा येणार म्हणे."

"बहुतेक, आमा."

"दारात भाईटिक्याला भाऊ येत नाही आणि कुत्रा आणून बसवणार. लोक काय म्हणतील?"

"भाऊ येत नाही म्हणूनच आणतेय."

आमांनी वात सारखी केली. "आण बाई. पण माझ्या तुळशीवर पाय वर केला ना, तर त्याच्यासकट तुला बाहेर काढीन."

"शिकलेला आहे तो. तुमच्या मुलांपेक्षा शिस्तीचा."

"ते काही फार नाही," आमा म्हणाल्या.

तिहारचे मधले दिवस फटाक्यांनी खाल्ले. तळाच्या भिंतीपलीकडे पोरं सुतळ्या लावत आणि बादल, ज्याने ढासळत्या घरांत पाय डगमगू दिला नव्हता, तो आता म्हातारपणी आवाजाला घाबरून खाटेखाली शिरे. त्याने जेवणाला तोंड लावलं नाही. सुनकेसरीने भात पातळ केला, मांस बोटांनी कुसकरलं, कोंबडीचं पाणी पाजून पाहिलं. त्याने वास घेतला आणि मान वळवली. शनिवारच्या आधी हा असा खंगून गेला तर, या विचाराने तिच्याही घशाखाली घास उतरेना.

भाईटिक्याच्या, म्हणजे तिथल्या भाऊबीजेच्या सकाळी रेडिओवर टिक्याची साइत, नेमका मुहूर्त, सांगितला. ती दरवर्षीसारखी ताट घेऊन तळावर गेली. पहिल्या वर्षी शिपाई हसले होते. आता साइत जवळ आली की कुणीतरी आपणहून बादलच्या खोलीपुढची जागा झाडून ठेवी. तिने दूर्वेने तेलाची धार बादलभोवती फिरवली, म्हणजे मरणाला आत येता येऊ नये. उंबऱ्यावर अक्रोड ठेवून दगडाने फोडला. त्याच्या गळ्यात मखमलीच्या फुलांची जांभळी माळ घातली. झेंडू कोमेजतो, मखमली वाळली तरी रंग सोडत नाही. मग कपाळावरच्या पांढऱ्या केसांत एकाखाली एक सात रंग लावले. बादल डोळे मिटून बसला होता. त्याला ती बोटं पाठ होती.

शेवटी मसला. बहिणीने भावाला द्यायचा सुका मेवा. किसमिस, खोबरं, खारीक, खडीसाखर. दरवर्षी ताट त्याच्यापुढे ठेवायचं, त्याने हुंगायचं, आणि मग शिपायांनी ते फस्त करायचं, असा रिवाज पडला होता. या वर्षी बादलने हुंगलं आणि जीभ बाहेर काढली. किसमिसचा एक दाणा उचलला.

सुनकेसरीने दोनचार दाणे तळहातावर घेऊन पुढे केले. त्याने चाटून खाल्ले. मिठाचं काही नाही, तेलाचं नाही, साखर घातलेली नाही, झाडावरचं फळ. आजारातून उठलेल्या माणसाला किसमिस भिजवून देतातच की. "खा रे माझ्या राजा," ती म्हणाली, आणि ताटातली सगळी किसमिस वेचून वेचून त्याला भरवली. तिचे डोळे भरून आले होते. इतक्या दिवसांनी तो तिच्या हातचं काहीतरी खात होता. खोबरं आणि खारीक शिपायांना मिळाली. किसमिस कुठे गेली, ते त्यांनी विचारलं नाही.

दुपारी ती पातेली घासत होती तेव्हा नरजंग स्वयंपाकघराच्या दाराशी आला.

"दिदी, बादल उलट्या करतोय."

ती राखेच्या हातांनीच धावली. बादल कुशीवर पडला होता, पोट आत ओढलं जात होतं. दोन ठिकाणी त्याने ओकलं होतं. एक शिपाई फरशीवर पाणी ओतत होता. पाण्याबरोबर दोन फुगलेले, तपकिरी दाणे मोरीकडे वाहत गेले. ते तिने पाहिले. दुसऱ्या कुणाचं लक्ष नव्हतं.

डॉक्टर श्रेष्ठ टिक्याच्या कपड्यांतच आल्या. कपाळावरचे रंगही अजून ओले होते. जनावरांची डॉक्टर, वयाने तिशीची, बोलणं तुटक. बादलच्या हिरड्या पाहिल्या, पोट चाचपलं.

"काय खाल्लंय याने?"

"काल-परवा काहीच नाही," नरजंग म्हणाला. "फटाक्यांमुळे."

"उपाशी कुत्रा असा ओकत नाही. पोट दुखतंय त्याचं. बाहेरचं काही? भिंतीवरून कुणी टाकलेलं?"

शिपाई एकमेकांकडे पाहू लागले. मग एकजण म्हणाला, "सकाळी लामिछानेजी आले होते बादलला भेटायला. मिठाईचा खोका होता हातात."

"त्यांनी दिलं?"

"बघितलं नाही. पण दुसरं कोण देणार? दिदी तर देणार नाही. दिदीच्या हातून आजवर..."

"ते मला माहीत आहे," डॉक्टर म्हणाल्या. "कोठारात उंदरांचं औषध ठेवता ना? मला तीच शंका येतेय. आधी त्यावरचं इंजेक्शन देते आणि संध्याकाळपर्यंत बघू."

सुनकेसरी भिंतीला टेकून उभी होती. किसमिसने काय होणार, असं तिचं मन म्हणत होतं. फळ आहे ते. आणि त्याच मनाला मोरीकडे वाहत गेलेले दाणे दिसत होते. ती गप्प राहिली तर कुणालाही कळणार नव्हतं. तिचं नाव इतकं चोख होतं की त्याच्या आडोशाला ती सहज उभी राहू शकत होती. शनिवार दोन दिवसांवर होता. बोललं की बादल हातचा गेला. साहेबांनी ज्या एका गोष्टीवर तो तिला द्यायचं मनात धरलं होतं, तीच गोष्ट ती आपल्या तोंडाने पुसून टाकणार होती. लामिछान्यांचं काय, मोठा माणूस, चार दिवस लोक बोलतील आणि विसरतील.

डॉक्टर सुईत औषध भरत होत्या. बादलने मान वळवून सुनकेसरीकडे पाहिलं. कपाळावरचे सात रंग ओकताना खाली ओघळून एकमेकांत मिसळले होते.

"थांबा," ती म्हणाली. "मी दिलंय."

कुणाला आधी कळलंच नाही.

"मसल्यातली किसमिस. साइतीच्या वेळी. मी माझ्या हाताने भरवली."

डॉक्टरांनी सुई खाली ठेवली. "किती?"

"मूठभर. मूठभराहून जास्त. ताटातली सगळी."

"बाकी काही? अक्रोड?"

"नाही. तो उंबऱ्यावर फोडला. किसमिसच."

"सलाईन आणा," डॉक्टर शिपायाला म्हणाल्या. "पळा. उंदराच्या औषधावरचं इंजेक्शन नको. याच्या किडनीवर जाणार आहे हे. आत्तापासून पाणी चढवून धुऊन काढावं लागेल. संध्याकाळपर्यंत थांबलो असतो तर..." सुनकेसरीकडे त्यांनी रागाने पाहिलंही नाही. सलाईनसाठी बादलचा पाय धरायला सांगितलं, आणि तिने तो धरला.

"द्राक्षं शिकवली होती आम्हाला," नरजंग नंतर ओट्यावर बसून म्हणाला. "ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं, कुत्र्याला द्राक्षं द्यायची नाहीत. मी म्हटलं, आमच्या डोंगरात द्राक्षं बघितलीयत कुणी? किसमिस म्हणजे तीच, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही. दरवर्षी ते ताट त्याच्यापुढे असायचं, आणि मी शेजारी उभा असायचो, दिदी."

"तू नाही भरवलीस," सुनकेसरी म्हणाली. तो दोष तिला वाटून घ्यायचा नव्हता.

संध्याकाळी ती पौडेल साहेबांच्या खोलीत गेली आणि स्वयंपाकघराची किल्ली टेबलावर ठेवली. साहेबांनी किल्लीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"काय आहे हे?"

"माझ्या हातून कुत्रा आजारी पडलाय, हजूर."

"ऐकलं मी. तुझ्याच तोंडून सगळ्या तळाने ऐकलं." त्यांनी किल्ली तिच्याकडे सरकवली. "बाकीची कुत्री उपाशी आहेत, दिदी. त्यांनी काय केलंय?"

ती परत आली आणि तिने चूल पेटवली. पण भात टाकायच्या आधी स्वयंपाकघरातला एकेक जिन्नस ओट्यावर मांडला आणि डॉक्टरांना हात धरून आणलं. हे देऊ का? हे? भोपळ्याच्या बिया? रताळं? तेही विचारलं जे ती वर्षानुवर्षं शिजवत आली होती. डॉक्टर एकेकाला मान डोलवत गेल्या. बाहेर फटाके वाजत होते, आणि बादलच्या कानांवर नरजंग तळहात धरून बसला होता.

ते दोन दिवस वाट पाहण्यात गेले. डॉक्टर रक्त काढून नेत, आकडा सांगत. सुनकेसरीला त्यातलं एवढंच समजे की कमी झाला की चांगलं. ती पातेलं चुलीवर ठेवून येई, त्याच्याजवळ बसे, पुन्हा पातेल्याकडे जाई. एकदाही रडली नाही. बादलने मात्र पाय उचलून भिंतीवर लघवी केली तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, "सुटला," आणि सुनकेसरी तिथेच ओल्या फरशीवर बसली आणि तोंडात पदर कोंबून हमसाहमशी रडली. भाऊ दुसऱ्यांदा मातीत जायची वेळ आली होती, तीही आपल्या हाताने, असं ती नरजंगला म्हणाली.

शनिवारी मैदानात खुर्च्या मांडल्या. वरच्या कचेरीतून एक मोठे अधिकारी आले होते. सगळी कुत्री रांगेत बसली. बादलला बसवून ठेवावं लागलं, पण बसल्यावर त्याची मान आपोआप ताठ झाली. अधिकाऱ्यांनी त्याच्या गळ्यात खादा, मानाचं रेशमी उपरणं, घातला आणि नरजंगने शेवटचा सलाम ठोकला. त्याचा हात कपाळावरून लवकर खाली आला नाही.

पौडेल साहेब पाहुण्यांना माणसांची ओळख करून देत होते. "आणि या सुनकेसरी दिदी, आमच्या स्वयंपाकघराच्या राणी. यांच्या हातचं खाऊन आजवर एकही कुत्रा..." साहेबांच्या तोंडातून सवयीने निघालं, आणि ते मध्येच अडखळले.

सुनकेसरीने हात जोडले होते. मान खाली नव्हती. "एक पडला, हजूर," ती म्हणाली. "हा. मी किसमिस भरवली होती."

बाजूला उभे असलेले लामिछाने घसा साफ करून म्हणाले, "मिठाई मी दिली असं दोन तास गावात झालं होतं म्हणे. माझ्या बायकोने फोन करून मला शिव्या घातल्या."

"लामिछानेजी," पौडेल साहेब म्हणाले, "तुमच्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात माणसं किती?"

"पुष्कळ आहेत. का?"

"उद्या बादलने तिथं काही भलतंच खाल्लं, तर त्यातलं कोण येऊन सांगेल?"

लामिछान्यांनी विचार केला. माणूस प्रामाणिक होता. "कुणी नाही, हजूर," ते हसून म्हणाले. "मी तरी सांगेन का, कोण जाणे." आणि त्यांनीच बादलचा पट्टा नरजंगच्या हातून घेऊन सुनकेसरीच्या हातात दिला.

तळापासून तिच्या घरापर्यंत बाजाराचा रस्ता. बादल सावकाश चालत होता, तीही. दुकानांवरून लोक नमस्कार करत होते, तिला की कुत्र्याला ते कळत नव्हतं, म्हणून ती सगळ्यांना मान डोलवत होती. गळ्यात खादा, त्याखाली मखमलीची माळ, भाईटिक्याचीच, अजून जांभळी. उलट्यांनंतर ती नरजंगने धुऊन खिळ्याला टांगून ठेवली होती.

अंगणाच्या पायरीशी देवकला आमा ताट घेऊन उभ्या होत्या. ताटात तेल, दूर्वा, एक अक्रोड आणि वाटीभर मसला.

"आधीच सांगते बाई," आमा म्हणाल्या, "यात किसमिस आहे. सगळ्या गावाला माहीत झालंय, मलाही झालंय. पण ताट किसमिसशिवाय कसं करू?"

"बरं केलंत," सुनकेसरी म्हणाली. तिने वाटीतली किसमिस काढून आपल्या तळहातावर घेतली आणि तिथेच, उंबऱ्यावर उभी राहून, एकेक दाणा तोंडात टाकत सगळी खाल्ली. मग पटुक्यातून पुडी काढली. त्यात उकडलेल्या भोपळ्याच्या फोडी होत्या.

तिने तेलाची धार सोडली, अक्रोड फोडला. साइत केव्हाच टळून गेली होती. बादलने तुळस हुंगली तेव्हा आमांनी श्वास रोखला. पण तो तिला वळसा घालून आला, उंबरा ओलांडायला त्याने एक पाय उचलला, मागचा मात्र उचलेना, आणि सुनकेसरीने त्याच्या पोटाखाली हात घालून त्याला आत घेतलं.

समोरच्या माडीवरून कुणीतरी ओरडून विचारलं, "सुनकेसरी, कोण आलंय गं?"

"भाऊ आलाय," ती म्हणाली. "जरा उशीर झाला त्याला."